हेदरला खत नको, कात्री हवी

सप्टेंबर लागला की ब्रिटनमधल्या गार्डन सेंटरच्या दाराशीच हेदरच्या कुंड्या मांडलेल्या दिसतात. जांभळी, गुलाबी, पांढरी फुलं, हाताएवढी रोपं आणि खिशाला परवडणारा भाव. चार-सहा कुंड्या सहज घरी येतात आणि पुढच्या उन्हाळ्यापर्यंत त्यातल्या बऱ्याच वाळून काड्या होतात. रोप नाजूक असतं म्हणून हे होत नाही. स्कॉटलंडच्या डोंगरउतारांवर आणि यॉर्कशरच्या मूरवर, म्हणजे उघड्या माळरानावर, बोचरा वारा, बर्फ आणि निकृष्ट माती सोसत हेच झुडूप मैलोनमैल पसरलेलं असतं. बागेत ते मरतं ते चुकीच्या मातीमुळे आणि जास्तीच्या लाडांमुळे. आपल्याकडे झाडाला शेणखत, चुलीची राख, अंड्याची टरफलं घालायची सवय असते. गुलाबाला ते मानवत असेल, पण हेदरला यातलं काहीही घालू नका.

आधी लेबलवरचं लॅटिन नाव वाचा

हेदर या एका नावाखाली तीन वेगळी झुडपं विकली जातात. त्यांचा फुलायचा हंगाम, मातीची गरज आणि छाटणीचा महिना वेगवेगळा असतो. त्यामुळे लेबलवर फोटोपेक्षा नाव महत्त्वाचं.

कॅलुना व्हल्गॅरिस हे मूरवरचं मूळ हेदर. फुलं ऑगस्ट ते ऑक्टोबर. पानं बारीक खवल्यांसारखी, एकावर एक चढलेली आणि काडीला चिकटून बसलेली. फूल हातात धरून नीट पाहिलंत तर रंग मुख्यतः बाहेरच्या निदलांचा असतो आणि खरी पाकळी आत दडलेली असते. म्हणूनच फूल सुकलं तरी रंग बरेच दिवस टिकतो. जाती एकच, पण वाण शेकडो. ‘एच. ई. बील’ला लांब तुऱ्यांवर गुलाबी दुहेरी फुलं येतात. ‘फायरफ्लाय’ आणि ‘विकवार फ्लेम’ पानांसाठी लावतात, कारण त्यांची पानं हिवाळ्यात विटकरी-लाल होतात. ‘सिल्व्हर क्वीन’ची पानं करडी आणि लवदार असतात.

एरिकाची पानं सुईसारखी, तीन-चारच्या झुपक्यात काडीपासून सुटी. यात दोन गट. एरिका सिनेरिया (जून ते सप्टेंबर), एरिका टेट्रालिक्स आणि एरिका व्हेगन्स हे उन्हाळ्यात फुलतात. एरिका कार्निया आणि एरिका डार्लेयेन्सिस हे हिवाळी, डिसेंबर-जानेवारीपासून एप्रिलपर्यंत फुलणारे. कार्निया आल्प्सच्या डोंगरातलं. डार्लेयेन्सिस हा कार्निया आणि आयरिश हीथ (एरिकाचीच आणखी एक जात) यांचा संकर, डर्बीशरमधल्या डार्ली डेलच्या एका नर्सरीत सापडलेला. बाग पहिलीच असेल तर यापासून सुरुवात करा. ‘फर्झी’, ‘आर्थर जॉन्सन’, ‘क्रेमर्स रोटे’ किंवा पांढऱ्या फुलांचं ‘व्हाइट परफेक्शन’, यातलं काहीही चालेल.

तिसरं डबोसिया. पान रुंद, वरून चकचकीत हिरवं, खालून चंदेरी. फुलं मोठ्या घंटांसारखी, जून ते ऑक्टोबर. कडक गोठणाऱ्या भागात थोडं नाजूक.

खरेदी करताना तीन गोष्टींपासून सांभाळा. पहिली, एरिका ग्रॅसिलिस. शरद ऋतूत छोट्या घंटांनी गच्च भरलेलं हे रोप सगळ्यात देखणं दिसतं, पण ते दक्षिण आफ्रिकेतलं आहे आणि पहिल्या कडक दंवात संपतं. दिवाळीपुरती दाराशी शोभा म्हणून घ्या, वाफ्यात लावू नका. दुसरी, निळ्या, पिवळ्या, नारिंगी रंगात चक्क रंगवलेली हेदर. तो फवारलेला रंग आहे. त्याखाली पान गुदमरतं आणि नवा फुटवा आला की खरा रंग उघडा पडतो. अशी रोपं घेऊच नयेत. तिसरी म्हणजे कॅलुनाचे ‘मार्लीन’सारखे न उमलणाऱ्या कळ्यांचे वाण. यांची कळी कधीच उघडत नाही, म्हणून रंग डिसेंबरपर्यंत राहतो. रोप उत्तम, फक्त मधमाश्यांना त्याचा काही उपयोग नाही.

निवडताना फुलांपेक्षा बुंध्याकडे पाहा. फांद्या खालपर्यंत हिरव्या हव्यात. कुंडीतून रोप हलकेच उपसून मुळं बघा. ती पांढरी-तपकिरी, केसांसारखी बारीक असतात. मुळं काळी आणि लिबलिबीत असतील, किंवा मातीचा गोळा सुकून कुंडीच्या कडेपासून सुटला असेल, तर ते रोप परत ठेवा.

माती: इथेच निकाल लागतो

कॅलुना, एरिका सिनेरिया, टेट्रालिक्स आणि डबोसिया यांना आम्लधर्मी माती लागते. सामू, म्हणजे पीएच, साडेचार ते साडेपाचच्या आसपास उत्तम, सहापर्यंत चालतो. कार्निया आणि डार्लेयेन्सिस साधारण उदासीन आणि किंचित चुना असलेल्या मातीतही तग धरतात. व्हेगन्सही थोडा चुना सोसतो.

कारण असं. चुनखडीच्या मातीत लोह असतं, पण ते मुळांना घेता येत नाही अशा स्वरूपात अडकून पडतं. कोवळी पानं आधी पिवळी पडतात, वाढ थांबते, रोप झिजत जातं. त्यात भर म्हणजे हेदरच्या केसासारख्या मुळांत एक बुरशी राहते. निकृष्ट, आंबट मातीतलं अन्न हीच बुरशी रोपाला मिळवून देते. भरपूर खताच्या मातीत या भागीदारीला काही कामच उरत नाही. फांद्या लुसलुशीत आणि लांबट वाढतात, मग दंवाने किंवा बुरशीने बसतात.

मातीचा सामू तपासायचा संच कोणत्याही गार्डन सेंटरमध्ये मिळतो. बागेत तीन-चार ठिकाणची, तळहाताएवढ्या खोलीची माती घेऊन तपासा. घराच्या भिंतीलगतची माती वेगळी मोजा, कारण तिथे सिमेंट आणि गिलाव्याचा चुना उतरलेला असतो. शेजाऱ्यांच्या बागेत रोडोडेंड्रॉन किंवा कॅमेलिया जोमात असेल तर शुभ लक्षण. वाळलेल्या मातीवर थोडं व्हिनेगर ओतलं आणि फेस आला, तर मातीत मोकळा चुना आहे. तिथे कॅलुना जमिनीत लावण्याचा हट्ट सोडा. गंधकाची पूड टाकून अशी माती आंबट करता येत नाही, कारण मातीतला चुना तिला पुन्हा मूळपदावर आणत राहतो. माती फक्त किंचित अल्कधर्मी किंवा उदासीन असेल तरच गंधकाचा उपयोग. तेही पाकिटावरच्या प्रमाणात, आणि परिणाम दिसायला उबदार हवामानातले काही महिने द्यावे लागतात.

चुनखड जागी दोनच मार्ग. एकतर हिवाळी एरिका लावा, नाहीतर कुंडी किंवा निदान 30 सेंटीमीटर उंचीचा उचललेला वाफा करून त्यात एरिकेशियस कंपोस्ट, म्हणजे आम्लप्रिय झाडांसाठीची तयार माती, भरा. पिशवीवर हाच शब्द शोधा, आणि पीटविरहित असल्याचंही पाहा. लंडनच्या पट्ट्यात चिकणमाती फार. तिथे आंबटपणापेक्षा निचऱ्याची अडचण मोठी असते. खड्डा खणून त्यात चांगली माती भरली तर आजूबाजूचं पाणी त्या खड्ड्यातच साठतं. त्यापेक्षा 20 ते 30 सेंटीमीटरचा उंचवटा करा, दोन भाग एरिकेशियस कंपोस्टला एक भाग चुनाविरहित खडी.

जागा आणि लावणी

दिवसात सहा तास तरी ऊन हवं. सावलीत फुलं कमी येतात, आणि सोनेरी-लाल पानांचे वाण तिथे नुसते हिरवे राहतात. कार्निया अर्धसावलीत चालतं. मोठ्या झाडाखालची जागा टाळा. वर पाणी ठिबकतं, खाली मुळांची ओढाताण होते, आणि शरदात गळलेली पानं हेदरवर बसून कुजतात. पडली तर हाताने वेचून काढा.

लावणीचा उत्तम काळ ऑक्टोबर-नोव्हेंबर. माती अजून उबदार असते आणि वरून पाऊस असतो. उत्तरेकडे आणि जड मातीत मार्च-एप्रिल बरा. जागेतलं तण आधी मुळासकट काढा. काउच ग्रास किंवा ग्राउंड एल्डरचा एखादा धागा राहिला तर पुढे तो हेदरच्या गुंत्यातून निघत नाही, आणि हेदरची मुळं वरवर असल्यामुळे नंतर खुरपणीही करता येत नाही.

साधारण वाणांत 40 सेंटीमीटर अंतर ठेवा, म्हणजे एका चौरस मीटरला सहा रोपं. बुटक्या वाणांना 25 ते 30 सेंटीमीटर पुरे. दोन मीटर बाय दीड मीटरच्या वाफ्याला अठरा रोपं लागतात. ती अठरा वाणांची घेण्याचा मोह आवरा. एका वाणाची तीन, पाच किंवा सात रोपं एकत्र लावली की रंगाचा पट्टा दिसतो. एकेक सुटं रोप ठिगळासारखं दिसतं. अठरांत सात डार्लेयेन्सिस, सहा कॅलुना आणि पाच सिनेरिया घेतली तर जून ते ऑक्टोबर आणि डिसेंबर ते एप्रिल काही ना काही फुललेलं राहील. माती आंबट नसेल तर कॅलुना आणि सिनेरियाच्या जागी व्हेगन्स घ्या.

लावण्याआधी कुंडी पावसाच्या पाण्यात बुडवून ठेवा, बुडबुडे थांबेपर्यंत. हे वगळलं आणि मधला गोळा कोरडा राहिला, तर वरून कितीही पाणी घाला, ते बाजूने निघून जातं. मग मुळांचा गोळा बोटांनी थोडा सैल करा, विशेषतः मुळं गोल फिरली असतील तर.

खोलीच्या बाबतीत हेदर बाकीच्या झुडपांपेक्षा वेगळं. बुंधा उघडा ठेवायचा नाही. सगळ्यात खालची पानं मातीला टेकतील इतकं खोल लावायचं. त्या काड्यांना पुढे स्वतःची मुळं फुटतात आणि रोप पसरतं. माती हाताने दाबा, पायाने तुडवू नका. खड्ड्यात बोनमील टाकू नका, त्यात कॅल्शियम असतं. मशरूम कंपोस्टमध्ये चुना असतो, तेही नको.

लावून झालं की बारीक पाइन-बार्कचं 5 सेंटीमीटर आच्छादन. एका चौरस मीटरला साधारण 50 लिटरची एक पिशवी लागते. फांद्या उचलून खाली पसरा, रोपावर ओतू नका. पुढच्या वर्षांत खताची गरज क्वचितच पडते. वाढ अगदीच खुंटली आणि माती रेताड असेल तर एप्रिलमध्ये एरिकेशियस झाडांचं सावकाश विरघळणारं खत, चौरस मीटरला एक मूठ. त्याहून जास्त नाही.

पाणी

पहिल्या उन्हाळ्यात कोरडे दिवस लागले की आठवड्यातून एक-दोनदा, सावकाश, ओल वीतभर खोल जाईल असं. रोज वरवर शिंपडलं तर मुळं वरच राहतात. दुसऱ्या वर्षापासून जमिनीतल्या रोपाला फक्त दुष्काळातच पाणी.

कोणतं पाणी, हे तुमचं शहर ठरवतं. किटलीच्या तळाशी पांढरा थर धरत असेल तर नळाचं पाणी चुन्याचं आहे. लंडन, स्लाव, रेडिंग, सगळीकडे हीच तऱ्हा. मँचेस्टरला लेक डिस्ट्रिक्टमधून आणि बर्मिंगहॅमला वेल्समधल्या एलन व्हॅलीतून मऊ पाणी येतं, स्कॉटलंडमध्येही बहुतेक ठिकाणी पाणी मऊच, तिथे काळजी नाही. चुन्याच्या पट्ट्यात पन्हळीखाली पिंप ठेवा आणि ते पाणी कॅलुनासाठी राखा. पिंप आटलं आणि उन्हाळा कडक असेल तर नळाचं घाला. चार वेळा चुन्याचं पाणी मिळालेलं रोप जगतं, वाळलेलं नाही.

छाटणी

हेदर कुणी छाटत नाही, कारण ते छाटायच्या लायकीचं मोठं दिसत नाही. मग तीन-चार वर्षांत ते मधून फाटतं, बुंधा उघडा पडतो, टोकांना हिरवे झुबके आणि मध्ये काड्या. यावर नंतर कात्री चालवून फायदा नाही. कॅलुना आणि बहुतेक एरिका जुन्या, पानं नसलेल्या तपकिरी लाकडातून पुन्हा फुटत नाहीत. म्हणून नियम असा: कात्री दरवर्षी, पण नेहमी पानांच्या आत.

कॅलुना आणि उन्हाळी एरिका मार्चच्या मध्यापासून एप्रिलच्या मध्यापर्यंत छाटा, स्कॉटलंडच्या उत्तरेला एप्रिलमध्येच. सुकलेले तुरे हिवाळाभर राहू द्या. ते तपकिरी रंगात छान दिसतात आणि खालच्या फांद्यांना दंवापासून आडोसा देतात. मार्चमध्ये एका हाताने मूठभर तुरे धरा आणि सर्वात खालचं सुकलेलं फूल कुठे संपतं ते बघा. त्याच्या जरा खाली, जिथे हिरवी पानं सुरू होतात, तिथे कापा. लांब तुऱ्याच्या वाणाचं निम्मं रोप कापलं गेलं असं वाटेल. बरोबर आहे. सगळं एका पातळीत आणू नका. मध्ये थोडं उंच, कडांना उतरतं ठेवलं तर पावसाळी दिवसांत पाणी निथळतं आणि रोप मातीवर दुलईसारखं बसतं. मोठ्या वाफ्याला हेजची कात्री चालते, फक्त पातं धारदार हवं. बोथट पात्याने काड्या चिरडतात आणि टोकं करपतात.

हिवाळी एरिकाचं गणित वेगळं. फुलं ओसरली की लगेच, एप्रिलच्या शेवटापर्यंत, फार तर मेच्या सुरुवातीला हलकी छाटणी. पुढच्या हिवाळ्याच्या कळ्या उन्हाळ्यातच धरतात, ऑगस्टमध्ये बारीक हिरव्या कळ्या नुसत्या डोळ्यांनी दिसतात. जुलैत किंवा शरदात ‘जरा नीटनेटकं करू’ म्हणून कात्री लावली की त्या हिवाळ्याला फुलं नाहीत. ‘यंदा फुललंच नाही’ या तक्रारीचं कारण बहुतेक वेळा हेच.

एरिका अर्बोरिया हे झाडासारखं वाढणारं हीथ याला अपवाद. ते जुन्या लाकडातूनही फुटतं. पहिली दोन-तीन वर्षं फुलांनंतर ते चांगलं आखूड केलं तर पुढे दाट होतं. बर्फ पडला की काठीने हलकेच झटका, त्याच्या फांद्या ओझ्याने मोडतात.

कुंडीत लावायचं तर

फ्लॅटच्या बाल्कनीत 30 सेंटीमीटरच्या कुंडीत तीन रोपं बसतात. माती एरिकेशियस, तळाला भोकं मोकळी, खाली बशी नको. पीटविरहित कंपोस्ट वरून कोरडं दिसतं आणि खाली ओलं असतं, म्हणून रंग पाहून पाणी घालू नका. बोट दोन पेरं आत घाला, किंवा कुंडी उचलून वजन बघा. कुंडीतल्या हेदरला पाणी कायमच लागतं, हिवाळ्यातही, कारण वाऱ्याने माती सुकते. दर दोन वर्षांनी मोठ्या कुंडीत नव्या कंपोस्टमध्ये हलवा.

काय बिघडतं

हेदर मेल्याचं उशिरा कळतं. वाळल्यावरही पानं जागची हलत नाहीत, रंगही बरेच दिवस राहतो. शंका आली तर फांदी मुठीत हलकेच चुरगळा. पानं भुग्यासारखी गळली तर ते आधीच गेलेलं आहे.

एक-दोन फांद्या आधी करड्या, मग तपकिरी होऊन पूर्ण रोप आठवड्यांत बसलं आणि माती ओली असेल, तर मूळकूज धरा. ही फायटोफ्थोरा नावाच्या बुरशीसारख्या रोगजंतूमुळे होते आणि साचलेल्या पाण्यात पसरते. घरगुती बागेसाठी यावर औषध नाही. रोप भोवतालच्या मातीसकट काढून कचऱ्यात टाका, कंपोस्टच्या ढिगात नको. त्या जागी हेदर, रोडोडेंड्रॉन किंवा कॅमेलिया पुन्हा लावू नका आणि निचरा सुधारा. फावडं धुऊन मगच दुसऱ्या वाफ्यात वापरा.

फक्त कोवळी टोकं पिवळी पडली तर चुन्याचा त्रास. चिलेटेड लोहाचं (मुळांना घेता येईल अशा स्वरूपातल्या लोहाचं) द्रावण वसंतात द्या, आणि पाणी-माती दोन्ही पुन्हा तपासा. मधल्या दाट भागात राखाडी बुरशी दिसली तर रोपं फार दाटीने लावली आहेत किंवा वरून पाणी पडतं आहे.

नवी रोपं, आणि उघड्या पडलेल्या रोपाची सोडवणूक

छाट कलम जुलैअखेरपासून सप्टेंबरपर्यंत. फूल नसलेल्या फांदीचं 4 ते 5 सेंटीमीटर टोक घ्या, खालच्या अर्ध्याची पानं बोटांनी उलट ओढून काढा. एरिकेशियस कंपोस्ट आणि पर्लाइट (माती भुसभुशीत ठेवणारे हलके पांढरे खडे) समभाग, त्यात कलमं टोचून पावसाचं पाणी द्या, वर पारदर्शक झाकण, जागा उजेडाची पण उन्हाची नाही. संप्रेरक पूड लागत नाही. आठ-दहा आठवड्यांत मुळं येतात. पहिला हिवाळा थंड पण दंव न येणाऱ्या जागी काढा, वसंतात एकेकाला लहान कुंडीत हलवा.

दाब कलम याहून सोपं. वसंतात कडेची फांदी वाकवून मातीत दाबा, वर दगड ठेवा, वर्षाने मुळं धरली की कापून वेगळी करा.

बुंधा उघडा पडलेल्या आवडत्या रोपासाठी एप्रिलमध्ये सगळं रोप खणून काढा, त्याच जागी खोल खड्डा करा आणि ते परत असं पुरा की फांद्यांची फक्त दोन-तीन सेंटीमीटर हिरवी टोकं वर राहतील. फांद्यांच्या मधल्या पोकळ्यांत एरिकेशियस कंपोस्ट आणि वाळूचं मिश्रण बोटांनी ठासून भरा, हवेची पोकळी राहू देऊ नका. उन्हाळाभर ओल टिकवा. पुढच्या वसंतात उकरलंत की प्रत्येक काडीला मुळांचा झुबका दिसेल. त्या तोडून स्वतंत्र लावा आणि मधलं जुनं लाकूड फेकून द्या.